समितीपुरता दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. बोलतोय म्हणजे कुरकुरतोय असं म्हणा हवं तर, आम्हा दरवाजांना दुसरा आवाज कुणी दिलेला नाही. सध्या माझा मुक्काम उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मागं, कडुलिंबाच्या झाडाखाली आहे. उमरग्याहून एसटीनं यावं लागतं, एवढा पत्ता पुरे. गावाचं नाव विचारू नका. आमच्या चेअरमनसाहेबांना शाळेत जाणारी नातवंडं आहेत, त्यांना उगाच कुणी चिडवायला नको.

मला पहिल्यांदा बघणारा माणूस जरा गोंधळतो. अस्सल सागवान, वरच्या अंगाला कोरीव नक्षी, आतून जाड लोखंडी कडी, आणि माझ्यामागं काय, तर मुलींचा संडास. एवढा भारी दरवाजा इथं कसा, असं प्रत्येक नवीन प्राध्यापक एकदा तरी विचारतो. त्याला कुणी धड उत्तर देत नाही. जुने लोक खोकतात आणि विषय बदलतात. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

मला घडवलं लालमहंमद मिस्त्रींनी. गावात खरेदी-विक्री संघाचं मोठं पत्र्याचं गोदाम होतं. त्या गोदामाच्या एका कोपऱ्यात चेअरमन तात्यारावांसाठी खोली काढायचं ठरलं. संघाकडं तेव्हा सभासदांना वाटायला पुरेसं खत नव्हतं, पण चेअरमनच्या खोलीला दरवाजा भारीतलाच पाहिजे, याबद्दल सभेत एकमत झालं. हैदराबादेहून सागवान आलं. मिस्त्रींनी मला रंधा मारला, पॉलिश केलं, पितळी मूठ बसवली आणि लांब उभं राहून माझ्याकडं बघत म्हणाले, "आता कसा शहरी दिसतोय!" मला तेव्हा फार बरं वाटलं. पुढं आयुष्यात काय वाढून ठेवलंय याची कल्पना असती तर एवढं पॉलिश पिऊन घेतलं नसतं.

माझं पहिलं मोठं काम बहात्तरच्या दुष्काळात झालं. गोदामात मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची पोती येऊन पडली आणि बाहेर माणसांच्या रांगा लागल्या. माझ्यासमोर स्टूल टाकून हरिबा शिपाई बसलेला असायचा. कुणी चेअरमनला भेटायचं म्हणालं की तो मान हलवायचा, "सायेब न्हाईत." साहेब आतच असायचे. जेवून जरा कलंडलेले असायचे. मी जाड, त्यामुळं बाहेरचा गलका आत जायचा नाही आणि आतलं घोरणं बाहेर यायचं नाही. तात्याराव सगळ्यांना अभिमानानं सांगायचे, "आपल्याकडं कसं शांततेत वाटप चाललंय बघा."

दुष्काळ सरला आणि तात्यारावांना साखर कारखाना काढायची इच्छा झाली. तालुक्यात ऊस नव्हता, उसाला पाणी नव्हतं, पण शेजारच्या तालुक्यात कारखाना होत होता, हे कारण पुरेसं होतं. मुंबईला जाताना त्यांनी एका पिशवीत दोन अर्ज नेले, एक कारखान्याचा, एक कॉलेजचा. कारखाना नामंजूर झाला आणि कॉलेज मंजूर झालं. तात्याराव काही दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग एक दिवस फेटा बांधून त्यांनी ज्ञानगंगा दारी आणल्याचं भाषण केलं. गंगेला जागा नव्हती, म्हणून ती गोदामात आणली.

गोदामात अर्ध्या उंचीच्या भिंती घातल्या आणि वर्ग झाले. त्यामुळं इतिहासाच्या वर्गात बसलेल्यांना अर्थशास्त्रही ऐकू यायचं, जादा फी न देता. पूर्वी जिथं युरिया ठेवत तिथं बी.ए.चं पहिलं वर्ष बसायचं. त्या मुलांच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. इतिहासाच्या सरांना वाटायचं, आपलं शिकवणं पोरांच्या काळजाला भिडतंय.

चेअरमनची खोली प्राचार्यांची केबिन झाली आणि माझ्या छातीवर 'प्राचार्य' अशी पाटी आली. प्राचार्य होते विरुपाक्ष हत्तरगे. नीटनेटका माणूस, कपाळाला रोज भस्म, खिशाला दोन पेनं. स्वभावानं वाईट म्हणता यायचे नाहीत. कुणावर ओरडत नसत. कुठलीही अडचण घेऊन कुणी गेलं की ते सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "पुढच्या टप्प्यात घेऊ." मुलं माझ्याबाहेर येऊन समाधानानं सांगायची, सर हो म्हणाले. केबिनमध्ये चहाचे दोन प्रकारचे कप होते, टेबलावरचे चिनी मातीचे आणि दाराबाहेरच्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले काचेचे. कुणाला कुठल्या कपातून द्यायचा, हे हरिबाला कधी सांगावं लागत नसे. भेटायला आलेल्या माणसाचं आडनाव ऐकलं की त्याचा हात आपोआप बरोबर कपाकडं जायचा.

सुरुवातीला मुली अगदी थोड्या होत्या. हळूहळू वाढल्या, तसं विद्यापीठानं कळवलं की मुलींसाठी स्वतंत्र संडास नसेल तर पुढची मान्यता मिळणार नाही. मग मात्र हालचाल झाली. गोदामामागं चार भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रा पडला. चौकट बसली. दरवाजा पुढच्या टप्प्यात ठेवला. उद्घाटनाला तात्याराव आले. दरवाजा नसल्यामुळं फीत बांधायला चौकट मोकळी मिळाली. त्यांनी फीत कापली, नारळ फोडला, टाळ्या झाल्या. सगळे पेढे खाऊन घरी गेले आणि ती उघडी चौकट तशीच राहिली. समोरच सायकलींचा स्टँड होता, त्यामुळं आत पाऊल टाकायची कुठल्याही मुलीची हिंमत नव्हती.

आता इथं लालमहंमद मिस्त्रींची एक चूक सांगायला पाहिजे. त्यांच्याकडं चौकटीचं माप एकच होतं, एका जुन्या पट्टीवर खुणा करून ठेवलेलं. केबिनची चौकट त्यांनी त्या मापानं केली होती, संडासाचीही त्याच मापानं केली. बिजागऱ्यासुद्धा त्याच जागी. पहिल्यांदा विद्यापीठाची समिती तपासणीला यायची वेळ आली आणि उघडी चौकट बघून सगळ्यांची धांदल उडाली, तेव्हा ही गोष्ट मिस्त्रींच्याच तोंडून निघून गेली. प्राचार्यांचे डोळे चमकले. माझ्या बिजागऱ्यांचे खिळे उपसले, चौघांनी मला उचललं आणि मागं नेऊन लटकवलं. मी नव्या चौकटीत असा बसलो की जणू तिथंच जन्मलो. केबिनला तेवढ्यापुरता फुलाफुलांचा पडदा लावला. समितीनं मला बघितलं, ठोकून बघितलं, "वा, सागवान!" म्हणाली आणि जेवायला गेली. संध्याकाळी मी पुन्हा केबिनला. गडबडीत 'प्राचार्य' ही पाटी काढायची राहिली होती. ती समितीनं वाचली की नाही, देव जाणे. कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर दर वर्षी माझी ही यात्रा ठरून गेली. पाटी आधीच काढायची हे हरिबाच्या लक्षात राहू लागलं. त्या दिवशी हायस्कूलमधून पुस्तकं यायची, मंडपवाल्याकडून खुर्च्या यायच्या, बाभळीच्या फांद्या मातीत खोचून वृक्षारोपण व्हायचं. मला संडासाला लावल्यावर बाहेरून कुलूप घालत, कारण मुलींनी वापरला तर घाण होईल. समितीची जीप फाटकात दिसली की हरिबा कुलूप काढायचा. म्हणजे वर्षातून ज्या एका दिवशी त्या संडासाला दरवाजा असे, त्या दिवशीही मुलींना तो मिळत नसे.

वर्गात तालीम व्हायची. प्राचार्य विचारायचे, "समितीनं विचारलं, कॉलेजातल्या सुविधांबाबत समाधानी आहात का, तर काय म्हणायचं?"

"समाधानी आहोत, सर!" अख्खा वर्ग ओरडायचा.

एकदा एका मुलानं उठून विचारलं, "सर, कुठल्या सुविधा?" त्याला समितीच्या दिवशी पाहुण्यांसाठी वाढपी म्हणून नेमलं.

मुली मग जायच्या कुठं, असं तुम्ही विचाराल. कुणी विचारलं नव्हतं, पण मी सांगतो. कॉलेजच्या मागं तात्यारावांचं रान होतं. पाऊस बरा झाला की तिथं पुरुषभर उंच ज्वारी उभी राहायची. ज्वारी कापली की तूर असायची. मुली दोघी-तिघी मिळून जायच्या, एक जण राखण करायची. पण ज्या वर्षाची गोष्ट मी सांगतोय, ते ऐंशीनंतरचं कोरडं वर्ष. पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं हातभर होऊन वाळलं. क्षितिजापर्यंत नुसती काळी भेगाळलेली जमीन. दुष्काळात धान्य जातं, वैरण जाते, हे सगळे लिहितात. आडोसा जातो, हे मी कुठं छापून आलेलं ऐकलं नाही.

मुलींनी त्यावर आपला उपाय शोधला. त्यांनी पाणी प्यायचं सोडलं. सकाळी घरून निघताना घोटभर, त्यानंतर संध्याकाळी घरी पोचल्यावर. मुलींसाठी व्हरांड्यात वेगळा रांजण होता, तो भरलेला तसाच राहायचा. प्राचार्यांनी हे हेरलं आणि फार खूश झाले. केबिनमध्ये ते सरांना सांगत होते, "एवढी टंचाई आहे, पण आपल्या मुलींचा रांजण कधी रिकामा होत नाही. पाण्याबाबत एकही तक्रार नाही."

या मुलींतली एक अयोध्या. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. उंच, सावळी, बोलायची कमी आणि वाचायची फार. तिची वस्ती गावापासून लांब, कुटुंब छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेलं. वडील वारले होते. आई भिमाबाई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. त्या वस्तीवरून कॉलेजात आलेली पहिली मुलगी अयोध्या, त्यामुळं ती सकाळी निघाली की बाया दारात येऊन बघत राहायच्या, असं हरिबाच बोलता बोलता कुणाला तरी सांगत होता.

दिवाळी झाली आणि अयोध्या यायची थांबली. मग एक दिवस माझ्यावर थाप पडली. थापेवरून मला माणूस कळतो. काही जण ठोकतात, काही ढकलतात, काही नुसते कान लावून उभे राहतात. ही थाप होती खरखरीत हाताची, पण एवढी हळू की आधी मला वाटलं वारा आहे. बाहेर भिमाबाई उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या उंबऱ्याशीच थांबल्या.

"सायेब, पोरीला उन्हाळी लागली हाय. ताप न्हाय उतरत. उमरग्याच्या डाकटरनं सांगितलं, लई पानी पी. ही म्हंते, कालेजात पानी पीत न्हाय. का पीत न्हाय, ते आता तुमाला म्या बाईमानसानं कसं सांगावं?"

उन्हाळी म्हणजे लघवीची आग, आणि ती कशानं लागली, हे प्राचार्यांना कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"बाई, विषय आमच्या लक्षात आहे. पुढच्या टप्प्यात..."

"त्यो टप्पा कवा यील सायेब? परीक्षा मार्चात हाय." भिमाबाईंचा आवाज जरा चढला आणि लगेच खाली आला. "म्या तिला सांगितलंय. एक तर कालेजात पानी पी, न्हाय तर कालेज सोड. जिवापरीस काय जास्त हाय? समद्या वस्तीचा डोळा तिच्यावर हाय, मला कळतं. पर पोरगी एकच हाय मला."

त्या गेल्यावर प्राचार्यांनी पेपरवेट जागेवर ठेवला. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मी नाकारणार नाही. मग ते उठले, मला आतून कडी लावली आणि आरामखुर्चीत डोळे मिटून पडले. माझा तेव्हा फार संताप झाला. पण दरवाजाचा संताप म्हणजे कुरकुर, आणि कुरकुरीवर हरिबाकडं तेलाची बाटली तयार असायची.

अयोध्या पुन्हा येऊ लागली, तेव्हा समितीची तारीख जवळ आली होती. ती आता डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं पाणी प्यायची, आणि दुपार व्हायच्या आत घरी निघून जायची. शेवटचे तास बुडायचे. असंच चाललं तर हजेरी भरणार नव्हती, परीक्षेला बसता येणार नव्हतं. तिनं हे मैत्रिणीला, अजीजाला सांगितलं. अजीजा म्हणजे माझ्या मिस्त्रींची, लालमहंमदांची मुलगी. दोघी माझ्यासमोरच्या व्हरांड्यात उभ्या होत्या.

"मग सोडणार तू?" अजीजानं विचारलं.

"आई म्हणती, परीक्षेचं काय, पुढच्या साली दे. पण एकदा घरी बसले की पुढचं साल कधी येतच न्हाय गं. लगीन येतं."

समितीच्या दिवशी सकाळी मी मागं गेलो. कुलूप लागलं. जीप आली, हरिबानं धावत येऊन कुलूप काढलं आणि तो हार घ्यायला पळाला. समितीत तिघं होते. त्यांचे प्रमुख एक वयस्कर, चष्मेवाले गृहस्थ होते आणि बाकीचे दोघं त्यांच्या मागं मान हलवत चालत होते. तात्याराव नवीन धोतर नेसून आले होते. प्राचार्य पाहुण्यांना सांगत होते, "आमच्याकडं जातपात, भेदभाव काही नाही. सगळे एकत्र बसतात, एकत्र शिकतात." ते एवढं मनापासून सांगत होते की त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत असावं.

त्याच वेळी अयोध्या वर्गातून उठली. तालमीप्रमाणं तिनं जागेवर बसून समाधानी असायला पाहिजे होतं. पण तिला खरोखरच निकड होती. ती मागं आली, मला उघडं पाहिलं, क्षणभर थबकली आणि आत शिरून तिनं कडी लावली. कडी लावल्यावर तिनं कपाळ माझ्यावर टेकलं. केबिनमध्ये असताना माझी कडी रोज लागायची, पण ती लावणाऱ्याला रडू आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

समिती आली तेव्हा मी आतून बंद. प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मूठ ओढून बघितली.

"आत कुणी तरी दिसतंय," समितीचे प्रमुख म्हणाले. "थांबू या."

मग ते सगळे मोठे लोक पाठ फिरवून लिंबाच्या झाडाकडं बघत उभे राहिले. कुणीतरी लिंबाला मोहर कधी येतो, असं विचारलं. तात्याराव घाम पुसत होते. मी उघडलो, अयोध्या बाहेर आली आणि समोर एवढी माणसं पाहून खांबासारखी उभी राहिली.

प्रमुखांनाही काहीतरी विचारायला पाहिजे होतं. "काय बाळ, कॉलेजातल्या सुविधांबाबत समाधानी आहात ना?"

अयोध्यानं एकदा प्राचार्यांकडं पाहिलं.

"आज आहोत, सर," ती म्हणाली.

प्रमुखांनी मान हलवली आणि 'समाधानी' असं टिपून घेतलं. 'आज' लिहायला त्यांना जागा नव्हती. तोवर वर्गातल्या बाकीच्या मुली बाहेर पडल्या होत्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. अयोध्या गेली आणि तिला कुणी अडवलं नाही, हे त्यांनी पाहिलं, एवढंच. माझ्यासमोर रांग लागली. तात्यारावांनी तेवढ्यात संधी साधली, "बघा साहेब, किती वापर आहे सुविधेचा!" समिती प्रसन्न झाली आणि जेवायला गेली.

दुपारी जीप गेली. प्राचार्य, तात्याराव, हरिबा आणि हत्याराची पिशवी घेतलेले लालमहंमद मिस्त्री माझ्याकडं आले. रांग अजून होतीच. जेवणाची सुट्टी झाली होती आणि मुली तांबेच्या तांबे पाणी पिऊन परत आल्या होत्या.

"मिस्त्री, काढा लवकर," प्राचार्य म्हणाले. "केबिनला पडदा किती वेळ ठेवायचा?"

मिस्त्रींनी माझ्यावर टकटक केलं. "कोन हाय आत?"

"मी हाय, अब्बा," आतून अजीजाचा आवाज आला.

मिस्त्री दोन पावलं मागं सरकले. पिशवी खाली ठेवली. "जरा थांबा सायेब. बच्ची भायेर यिऊ द्या."

अजीजा बाहेर आली, दुसरी आत गेली. ती आली, तिसरी गेली. तात्याराव वैतागले. "आरं, ह्यांला झालंय तरी काय? समिती गेली की आता!"

"समिती गेली म्हणून आमचं थांबतं का, काका?" अयोध्या म्हणाली. तिनं हात ओढणीत गुंडाळून घेतले होते. तिला ठाऊक होतं, आज मी निघालो तर उद्यापासून ती येणार नाही.

प्राचार्यांनी आवाज मऊ केला. "अयोध्या, तू हुशार मुलगी आहेस. हा दरवाजा केबिनचा आहे. तुमचा पुढच्या टप्प्यात नक्की..."

"न्या की सर." अयोध्या बाजूला झाली. "आमचं झालं की न्या. फक्त सांगून ठेवते. सकाळपासून आम्ही सगळ्यांनी तो वापरलाय. ही मूठ सगळ्यांनी धरली, ही कडी सगळ्यांनी लावली. पहिल्यांदा मी."

प्राचार्यांचा हात माझ्या मुठीकडं निघाला होता, तो मध्येच थांबला आणि खिशातल्या पेनाकडं वळला. माझ्या कोरीव नक्षीला दर दसऱ्याला ते स्वतःच्या हातानं तोरण बांधायचे. सकाळी समितीला भेदभाव नाही असं सांगून झालेलं होतं, त्यामुळं आता जे मनात होतं ते तोंडातून काढायची सोय राहिली नव्हती.

तात्यारावांना तसली अडचण नव्हती. "संडासाचं कवाड, आन् आपल्या हापिसाला?" त्यांनी तोंड वाकडं केलं. ते फक्त संडास म्हणाले. दुसरी गोष्ट तेही बोलले नाहीत.

"तसं नव्हे, तसं अजिबात नव्हे," प्राचार्य घाईनं म्हणाले. "पण मिस्त्री, ह्याच्या बिजागऱ्या झिजल्यात ना? सारखं काढून घालून?"

लालमहंमदांनी माझ्याकडं पाहिलं. मला घडवणारा माणूस तो, माझी नस न् नस त्याला माहीत. मग त्यांनी लांब उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडं पाहिलं.

"लई झिजल्यात सायेब," ते म्हणाले. "आता हालवला तर मोडंल."

माझ्या बिजागऱ्या तेव्हा ठणठणीत होत्या. आजही आहेत.

मी तिथं राहिलो. ज्या मुलीचा हात लागला म्हणून मी केबिनला चालेनासा झालो, त्याच मुलीमुळं मी पहिल्यांदा कामाचा दरवाजा झालो. अपमान वाटायला हवा होता, पण मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की पॉलिशची आठवणही राहिली नाही. आणि केबिनचं काय झालं म्हणता? पडद्याला वारा लागायचा, शेळी आत यायची, मुलं न विचारता आत यायची, प्राचार्यांना दुपारी डोळा लावता येईना. अशा उघड्यावर माणसानं बसायचं तरी कसं, असं ते लिंबाखाली उभं राहून तात्यारावांना कळवळून सांगत होते. त्याच आठवड्यात केबिनला नवा दरवाजा बसला. त्याला पुढचा टप्पा लागला नाही.

व्हरांड्यातला मुलींचा रांजण मात्र आता दुपारीच तळ दाखवू लागला. हरिबा भरता भरता वैतागला. मुलींमध्ये अचानक तहान वाढल्याचं प्राचार्यांनी बैठकीत चिंतेनं मांडलं, आणि आणखी एक रांजण पुढच्या टप्प्यात घ्यायचं ठरलं. अयोध्याची हजेरी भरली. मार्चात तिनं परीक्षा दिली.

आता मी म्हातारा झालोय. खालची फळी पाण्यानं कुजली आहे. पितळी मूठ कुणीतरी काढून नेली, तिच्या जागी सुतळीची गाठ आहे. आतल्या बाजूला मुलींनी नावं कोरली आहेत, हिशोब सोडवले आहेत, एका सरांचं चित्र काढलं आहे आणि ते हुबेहूब आलं आहे. माझी तक्रार नाही. एक विनंती तेवढी आहे. तुमच्यापैकी कुणी कधी समितीवर गेलात, तर मला ठोकून सागवान आहे का ते बघू नका. कुणी समाधानी आहे का, हेही रांगेत उभं करून विचारू नका. आत जा, कडी लावून बघा, थोडा वेळ थांबा आणि मग काय लिहायचं ते लिहा.

त्या वर्षी निकालाच्या दिवशी अयोध्या पेढे घेऊन आली, सोबत भिमाबाई होत्या. प्राचार्यांनी दोघींना केबिनमध्ये बसवलं आणि हरिबानं काचेच्या कपातून चहा दिला. अयोध्यानं आईला वर्ग दाखवला, पुस्तकांचं कपाट दाखवलं. शेवटी तिला घेऊन ती माझ्याकडं आली. भिमाबाईंनी माझ्या नक्षीवरून हात फिरवला आणि आत गेल्या. त्यांचं सगळं आयुष्य दिवस उगवायच्या आधी आणि मावळल्यावर रानात गेलेलं, कानोसा घेत, पदर सावरत, कुणी आलं की अर्ध्यातून उठत. कडी कशी लावायची ते त्यांना कळेना. अयोध्यानं बाहेरून सांगितलं. मग कडी लागली.

"अयोध्या, हाईस का गं तितं?"

"हाय आई."

"कुनी येतंय का?"

"कुणी येत न्हाय. आलं तरी कडी लावलीस ना तू."

आतून त्यांनी कडी एकदा हलवून बघितली.

"मंग बसते जरा," भिमाबाई म्हणाल्या.

अयोध्या लिंबाखाली उभी राहिली, आणि मी बंद राहिलो.